दुपारच्या मुलींचं रजिस्टर

कोलकात्यात बदली होऊन आलेलं मराठी कुटुंब सामानाची खोकी सोडायच्या आधी मला फोन करतं. बँकेतले, टपाल खात्यातले, फोर्ट विल्यममधले, सगळे. "साठेकाकू, तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये होतात ना? आमच्या मुलीचं तेवढं बघा." मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हे त्यांना खरंच वाटत नाही. मी टाळते आहे असं वाटतं. एक नागपूरकर गृहस्थ संत्र्याची बर्फी घेऊन घरी आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टरांचा उपास कोणत्या वारी असतो? त्या दिवशी द्यायला नको." बर्फी मी ठेवून घेतली. ॲडमिशन अर्थातच मिळाली नाही.

मी शिक्षिका नव्हते. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात खिडकीमागे बसले. माझा जन्म इथलाच, बालीगंजमधला. वडील इथल्या कॉलेजात गणित शिकवायचे. माझी मराठी घरातली, बंगाली रस्त्यावरची आणि इंग्रजी त्या खिडकीतली. शाळेत मला सगळे 'शाठेदी' म्हणत. बंगाली जिभेला 'स' जमत नाही आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

माझ्याकडे प्रवेशाचं रजिस्टर असायचं. बाहेरच्यांना ते नुसतं जाडजूड पुस्तक वाटतं, म्हणून थोडं सांगते. मूल शाळेत आलं की त्यात एक ओळ पडते. क्रमांक, नाव, आईवडिलांची नावं, जन्मतारीख, आलेली तारीख. शाळा सोडताना त्याच ओळीच्या शेवटी गेलेली तारीख. शाळा सोडल्याचा दाखला या ओळीवरून बनतो, आणि पुढे पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत सगळं त्या दाखल्यावर उभं राहतं. म्हणून तिथे खोडायचं नाही. चूक झालीच तर एक आडवी रेघ, वर बरोबर शब्द आणि शेजारी मुख्याध्यापिकेची सही. एकदा एका मंत्र्याचा माणूस भाचीची जन्मतारीख वर्षभरानं पुढे ढकलून घ्यायला आला होता. तो आधी गोड बोलला, मग टेबलावर हात आपटला. मी त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. ही हकीकत मी पुढे इतक्यांदा सांगितली की माझ्या नवऱ्याला ती पाठ झाली होती. माझ्या रजिस्टरात खोटी ओळ नाही, हा माझा तोरा होता. आज त्याच तोऱ्याबद्दल लिहायचं आहे.

आमची शाळा सिस्टरांच्या ज्या संघाची, तो कधी काळी युरोपातल्या एका लहान गावात सुरू झाला. मुलींना शिकवायचं, एवढंच त्याचं काम. तिथून तो आफ्रिकेत गेला, दक्षिण अमेरिकेत गेला, फिलिपाइन्समध्ये गेला, आपल्याकडे आला. विशीतल्या मुली बोटीनं इथे आल्या आणि म्हाताऱ्या होऊन इथल्याच मातीत गेल्या. जगात कुठेही संघाची एखादी सिस्टर वारली की संघाच्या प्रत्येक घरी, म्हणजे प्रत्येक कॉन्व्हेंटमध्ये, पत्र यायचं. कोण होती, कुठे शिकवलं, कशावर हसायची. सकाळच्या प्रार्थनेत ते वाचून दाखवत. पेरूमधल्या कुणा बाईसाठी बालीगंजातल्या पाचशे मुली डोकं खाली घालून उभ्या राहायच्या. पहिल्या वर्षी मला ते विचित्र वाटलं. नंतर मी स्वतः त्या पत्रांची वाट बघायला लागले.

या पसाऱ्याची ताकद मला फोर्ट विल्यममधल्या एका मराठी कर्नलसाहेबांच्या मुलीमुळे कळली. वर्षाच्या अधेमधे त्यांची नेमणूक नैरोबीच्या वकिलातीत झाली. मुलगी नववीत. आई रडकुंडीला आलेली, "काकू, अर्ध्या वर्षात कोण घेणार हिला?" आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर लुसी यांनी तिच्यासमोरच फोन फिरवला. पलीकडे नैरोबीची मुख्याध्यापिका. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "आमची मुलगी येते आहे." झालं. मुलगी एका सोमवारी कोलकात्यात वर्गात बसली होती, पुढच्या सोमवारी नैरोबीत. तिथून तिनं पत्र पाठवलं, 'इथे अक्षराचं वळणसुद्धा तेच शिकवतात.' त्या दिवशी मी घरी जाऊन फार बढाया मारल्या.

सिस्टर लुसी मंगळूरच्या. घरची कोकणी. त्यामुळे ऑफिसात दुसरं कुणी नसलं की आमचं संभाषण कोकणी-मराठीच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत चालायचं. "कितें गो साठे," असं म्हणत त्या आत आल्या की समजायचं, काम वाढलं. बाई ठेंगण्या, चालणं भरभर, आणि चिडल्या की आवाज आणखी हळू व्हायचा.

आता दुपारच्या मुलींबद्दल.

दीड वाजता आमची शाळा सुटायची. पुढच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागायची. दोन वाजता बाजूच्या गल्लीतलं लहान दार उघडायचं आणि दुसऱ्या मुली आत यायच्या. आसपासच्या घरांत कामं करणाऱ्या बायकांच्या, रिक्षावाल्यांच्या, फुटपाथवर दुकान मांडणाऱ्यांच्या. फी नाही, पुस्तकं शाळेची, एक वेळचं खाणं शाळेचं. बाकं तीच, फळे तेच. पाच वाजेपर्यंत त्या शिकायच्या. दहावीची परीक्षा मात्र त्या बाहेरून, मुक्त विद्यालयाची द्यायच्या, कारण सरकारी मान्यता होती ती सकाळच्या शाळेला. त्यामुळे त्यांच्या गुणपत्रिकेवर आमच्या शाळेचं नाव नसायचं. आणि त्यांची नावं माझ्या रजिस्टरात नसायची. त्यांची एक वेगळी वही होती, मऊ पुठ्ठ्याची, जिन्याखालच्या कपाटात. ती मी वर्षातून एकदा बघायचे.

रेखा मंडल ही त्यातली. राहणार बजबजची. बाप तागाच्या गिरणीत, आई पहाटेच्या गाडीनं बालीगंजला येऊन चार घरची धुणीभांडी करणारी. सहा वर्षांची असल्यापासून रेखा आईबरोबर यायची, एका घराच्या जिन्यात दुपारपर्यंत बसायची आणि दोन वाजता आमच्या लहान दारातून आत. अशी नऊ वर्षं. दहावी झाली, बाहेरून बारावीही केली, आणि मग सिस्टरांनी तिला दुपारच्याच बालवर्गाला शिकवायला ठेवलं. एका वर्षी मनिलाहून संघाच्या एक सिस्टर पाहुण्या आल्या होत्या. त्या रेखाच्या वर्गात जाऊन बसल्या आणि तासभर उठल्याच नाहीत. मनिलाला संघाचं एक अध्यापक विद्यालय आहे. संघाच्या शाळांतून शिकलेल्या मुलींना तिथे वर्षभर लहान मुलांना शिकवण्याचं शिक्षण मिळतं, प्रवासासकट सगळं त्यांच्याकडून. "तू अर्ज कर," असं त्या तिला सांगून गेल्या.

रेखा फॉर्म घेऊन माझ्या खिडकीशी आली तो शुक्रवार होता. सिस्टर लुसी रांचीला बैठकीसाठी गेल्या होत्या. खिडकीपुढे रांग होती, परीक्षांचे दिवस होते, माझ्यापुढे दाखल्यांचा गठ्ठा होता. फॉर्मचं शेवटचं पान शाळेनं भरायचं. त्यावर प्रश्न छापलेला, 'उमेदवार या शाळेच्या पटावर होती का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. खाली 'शेरा' म्हणून चार ओळींची जागा.

मी रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. मला माहीतच होतं. 'नाही'च्या चौकोनात खूण केली, शिक्का मारला, सही केली. शेऱ्याची जागा कोरी ठेवली.

"झालं, दीदी?" रेखानं विचारलं.

"झालं. पोस्टात टाकतो आम्ही."

"नमस्कार दीदी," म्हणून ती गेली. नवी साडी नेसून आली होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

दीड महिन्यानं उत्तर आलं. तेव्हा ईमेल नुकती आली होती आणि ऑफिसातलं एकुलतं एक यंत्र माझ्या टेबलावर होतं. दोन वाक्यांचं उत्तर. हा अभ्यासक्रम संघाच्या शाळांच्या माजी विद्यार्थिनींसाठी आहे; आपण संघाच्या शाळेच्या विद्यार्थिनी नसल्याचे शाळेने कळवल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही. मी ते छापून घेतलं आणि दुपारी रेखाला बोलावलं.

तिनं उभ्याउभ्या वाचलं. इंग्रजी तिला चांगलं येत होतं, आम्हीच शिकवलेलं. एकदा वाचलं, परत वाचलं. मग कागदावरून नजर न काढता म्हणाली, "दीदी, मग नऊ वर्षं मी कुठे येत होते?"

मी म्हणाले, "अगं, तसं नाही. नियम असा आहे की…" आणि नियम सांगितला. मान्यता, पट, दोन विभाग. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिला ते माझ्याइतकंच माहीत होतं. मग कागदाची नीट घडी घातली आणि वर्गावर गेली. पाचपर्यंत तिचा आवाज ऐकू येत होता. बालवर्गाला ती पक्ष्यांची नावं शिकवत होती.

त्या रात्रीपासून माझं काहीतरी बिनसलं. मी खोटं लिहिलं नव्हतं. हे मी स्वतःला बसमध्ये सांगितलं, स्वयंपाक करताना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग झालं तर." पण व्हायला हवं होतं तसं झालं नाही. फोडणी दोनदा करपली.

सिस्टर लुसी रांचीहून केव्हाच परतल्या होत्या, पण फॉर्मबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. रेखा त्यांच्याकडे गेली नव्हती. मीच पत्र आणि फॉर्मची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग फार हळू आवाजात म्हणाल्या, "तू खरं लिहिलंस."

"हो, सिस्टर."

"अर्धं खरं." त्यांनी शेऱ्याच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथे चार ओळी होत्या गो. चार!"

"रांग होती सिस्टर, परीक्षांचा…"

"बरं." त्या उठून खिडकीशी गेल्या. बाहेर लहान दार दिसत होतं. परत येऊन म्हणाल्या, "रजिस्टर काढ. तिचं नाव लिही. ती आली त्या वर्षाच्या पानावर."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मागच्या तारखेनं?"

"हो."

"नाही सिस्टर. ते मी करणार नाही."

इतक्या वर्षांत त्यांना मी एकदाच नाही म्हटलं, ते हे. मी बोलत सुटले. तपासणीला आलं तर शाळेची मान्यता जाईल, आज रेखासाठी लिहिलं तर उद्या मंत्र्याच्या भाचीला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं, आणि रेखाची ओळ खोटी ठरली तर तिचंच नुकसान. सगळं बरोबर होतं. बोलता बोलता मला कळत होतं की मी रेखासाठी बोलत नाही, रजिस्टरासाठी बोलते आहे.

सिस्टर म्हणाल्या, "मग दुसरं काय करता येतं ते सांग. तू हुशार आहेस ना? नाही म्हणायला हुशारी लागत नाही."

मी तडक जिन्याखालच्या कपाटाकडे गेले. मऊ पुठ्ठ्याच्या वहीला कसर लागली होती, पण तिच्याखाली दुपारच्या वर्गांच्या हजेरीपुस्तिका होत्या. एक म्हाताऱ्या बंगाली बाई दुपारची शाळा बघायच्या. त्यांनी एकही पुस्तिका टाकली नव्हती. रोजची हजेरी, कोण शिकवायला आलं, कोणता धडा झाला, सगळं बारीक अक्षरात. मी त्या उन्हात पसरल्या, झटकल्या आणि रेखाला शोधत बसले. एका पावसाळ्यात बजबजच्या गाड्या आठवडाभर बंद होत्या. त्या आठवड्यातही तीन दिवस तिच्या नावापुढे हजर. खाली बाईंची नोंद, 'माझेरहाट स्टेशनपर्यंत बसनं, तिथून चालत आली.' सात-आठ वर्षांची पोर. ते वाचल्यावर मला तिथे बसवेना. उगाच उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

त्यावरून मी एक प्रमाणपत्र तयार केलं. त्याचा नमुना कुठेच नव्हता, म्हणून मीच बनवला. अमुक मुलगी अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत या आवारात, या शाळेच्या शिक्षिकांकडून, हे हे विषय शिकली. तिचं नाव मान्यताप्राप्त पटावर नाही कारण तो विभाग मान्यतेखाली येत नाही. पुरावा म्हणून हजेरीच्या प्रती जोडल्या आहेत. एकही शब्द खोटा नव्हता. सिस्टरांनी वाचलं, "आतां बरें" म्हणाल्या, सही केली आणि ते मनिलाला पाठवलं. मग त्यांनी स्वतः एक पत्र युरोपातल्या मुख्य घराला लिहिलं. त्यात विचारलं होतं, की आपण गरीब मुलींसाठी लहान दार ठेवलं याचा आपल्याला अभिमान आहे, पण त्या दारातून आत आलेली मुलगी आपली आहे की नाही, हे एकदा मला स्पष्ट कळवा.

मनिलाचं उत्तर लवकर आलं. झाल्याबद्दल वाईट वाटतं, पण जागा दुसऱ्या देशातल्या मुलीला दिली गेली आहे. रेखानं पुढच्या वर्षी जरूर यावं, तिची जागा राखून ठेवतो.

पुढच्या वर्षी रेखाचे वडील गिरणीत पडले आणि त्यांची कंबर गेली. धाकट्या दोन बहिणी होत्या. रेखा बजबजलाच एका खाजगी शाळेत नोकरीला लागली, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ वाचला. त्याच वर्षी तिचं लग्नही झालं. निरोप घ्यायला ती आली तेव्हा मी खिडकीत नव्हते, बँकेत गेले होते. हे मी खरंच सांगते आहे. पण बँकेतलं काम दुसऱ्या दिवशीही चाललं असतं.

मुख्य घराचं उत्तर यायला आठ महिने लागले. ते फार सभ्य होतं. पहिल्या पानावर आभार, दुसऱ्या पानावर विचार चालू असल्याची माहिती. पण त्यानंतर नवा फॉर्म आला आणि त्यातला प्रश्न बदललेला होता: 'उमेदवार संघाच्या कोणत्याही विभागात, कोणत्याही वेळेस शिकली आहे का?' सोबत आमचं प्रमाणपत्र नमुना म्हणून सगळ्या देशांतल्या शाळांना पाठवलं होतं. माझी वाक्यरचना, माझ्या टेबलावर बनलेली, दहा भाषांत गेली.

मग ईमेल यायला लागल्या. लिमाहून एका ऑफिसातल्या बाईनं लिहिलं, 'आमच्याकडे त्या संध्याकाळी येतात.' नैरोबीहून, 'आमच्याकडे शनिवारी.' आणखी कुठून कुठून. प्रत्येक ठिकाणी एक पुढचं फाटक होतं आणि एक लहान दार, एक जाड रजिस्टर आणि एक मऊ पुठ्ठ्याची वही. प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखी एक बाई खिडकीत बसलेली होती आणि तिनंही नियमानुसार कधीतरी 'नाही'वर खूण केलेली होती. कर्नलसाहेबांच्या मुलीच्या वेळी ज्या जाळ्याचा मी अभिमान बाळगला, ते केवढं पसरलेलं आहे हे मला नीट तेव्हा समजलं. मी उत्तरं लिहायचे, प्रमाणपत्र कसं भरायचं ते समजावायचे. सगळ्या मला धन्यवाद द्यायच्या. दर धन्यवादाला मला चोरी पकडली गेल्यासारखं वाटायचं.

दुपारच्या विभागातल्या दोन मुली पुढे मनिलाला जाऊन आल्या. एक तिकडेच शिकवते. सिस्टर लुसी थकल्या, त्यांना मंगळूरच्या आश्रमात पाठवलं. संघात आता नव्या मुली फारशा येत नाहीत. शाळा हळूहळू बाहेरच्या शिक्षकांच्या हाती गेली, दुपारची मात्र अजून भरते. मीही निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्या प्रमाणपत्राचा उल्लेख झाला, टाळ्या पडल्या. रेखाचं नाव कुणी घेतलं नाही, मीही नाही.

सिस्टर लुसी महिन्यातून एकदा फोन करतात. पहिलं वाक्य ठरलेलं. "कितें गो साठे, बजबजला गेलीस?"

"जाईन सिस्टर."

"कधी? मी मेल्यावर माझं पत्र वाचून दाखवायला जाशील?"

या वर्षी दुर्गापूजेच्या आधी एका सकाळी मी उठले, डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि बालीगंज स्टेशनवर जाऊन बजबजची गाडी धरली. रेखाचा पत्ता तिच्या धाकट्या बहिणीकडून मिळाला होता. गाडीत वाक्यं जुळवत होते, ती जुळत नव्हती. माझेरहाट आलं. तिथून बालीगंज किती लांब आहे ते मी पहिल्यांदाच त्या नजरेनं पाहिलं आणि पुढची सगळी स्टेशनं मला नुसती दिसली, लक्षात राहिली नाहीत.

गल्लीत दोन खोल्यांचं पक्कं घर. दार रेखानंच उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा आलेला. क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "शाठेदी! या, आत या. चप्पल असू द्या पायात, फरशी ओली आहे."

मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसले असते तर तब्येतीच्या गप्पा झाल्या असत्या. "रेखा, तुझ्या फॉर्मवर मी लिहायला हवं होतं. जागा होती, मी लिहिलं नाही. माझं चुकलं."

अशा वेळी माणसं म्हणतात, जाऊ द्या दीदी, जुनी गोष्ट. मी तेवढ्याची तयारी ठेवून गेले होते. रेखा म्हणाली, "हो. चुकलं."

आणि मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "आईनं आख्ख्या गल्लीत सांगितलं होतं. मुलगी विमानानं जाणार. कुणीतरी जुनी बॅगही आणून दिली होती. नंतर बायका रोज विचारायच्या, कधी जाणार? मग आई पहाटेची पहिली गाडी धरायला लागली. कुणी भेटू नये म्हणून. वर्षभर." ती रागानं बोलत नव्हती. वर्गात सांगावं तसं सांगत होती. "तुम्ही नंतर जे केलंत ते मला कळलं. चांगलं केलंत. पण ते मला पोचलं नाही, दीदी."

मी लाडवांचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"मासे खाता ना?" रेखा उठत म्हणाली. "सकाळीच आणलेत."

तेवढ्यात तिची मुलगी कॉलेजातून आली. नाव श्रेया. इतिहास घेऊन बीए करते. उंच, सरळ नजरेची. रेखा आतून म्हणाली, "शाठेदी आल्यात, प्रणाम कर."

श्रेया पुढे आली, पण वाकली नाही. "तुम्हीच का? त्या फॉर्मवाल्या?"

"श्रेया!" रेखा ओरडली.

"विचारू दे," मी म्हणाले. "हो, मीच."

"मग मला एक सांगा. ती जागा तुम्ही रिकामी का ठेवलीत? आई म्हणते, गर्दी होती. आजी म्हणायची, तुम्हाला नियम मोडायचा नव्हता. पण लिहिलं असतं तर कुठला नियम मोडला असता?"

गर्दी होती, हे मी सिस्टरांना सांगितलं होतं. परीक्षा होत्या, हे नवऱ्याला. त्या पोरीपुढे ते ओठांवर आलं आणि मला त्याची शिसारी आली. मी म्हणाले, "नियम कुठलाच मोडला नसता. तुझ्या आईबद्दल चार ओळी लिहिण्यासारखं काही असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. ती रोज माझ्या खिडकीवरून जायची. मी तिला कधी शाळेची मुलगी म्हणून बघितलंच नव्हतं."

आत कढईतला आवाज थांबला होता. रेखा दारात उभी होती, हाताला हळद. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं. मीसुद्धा, खरं तर.

श्रेयानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "हं. हे तरी खरं वाटतं." आणि खाली वाकून तिनं माझ्या पायांना हात लावला, झटकन, एखादं राहिलेलं काम उरकावं तसा.

"बसा," रेखा म्हणाली. "भात गार होतोय." आम्ही तिघी जमिनीवर जेवायला बसलो. रेखानं माझ्या पानात माशाचा मधला मोठा तुकडा वाढला आणि काटे सांभाळून खा म्हणाली.